हरलेले कुठे गेले?

संपादक मंडळाचा निरोप आला, "शाळेबद्दल काहीतरी लिही." मी लिस्बनबद्दल लिहितो आहे. रागावू नका, गोष्ट सुरू होते ती आपल्या आठवी 'ब'च्या वर्गातच.

बाई वसईचा वेढा शिकवत होत्या. पुस्तकात त्याला जेमतेम काही ओळी, पण बाईंनी सलग तीन तास घेतले, कारण किल्ला आपल्या गावचा. साष्टी-वसईतल्या रयतेची गाऱ्हाणी घेऊन पेशव्यांकडे खेटे घालणारे गंगाजी नाईक अणजूरकर, १७३७ मध्ये घेतलेलं ठाणं, सेबस्तियनच्या बुरुजाखाली पेरलेले सुरुंग, आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांपुढे पोर्तुगीजांनी ठेवलेलं शस्त्र. वर्ग भारावून गेला होता. मग बाईंनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "जिंकलेले कुठे गेले ते कळलं. हरलेले कुठे गेले?"

मी हात वर केला. "पोर्तुगालला, बाई."

"सगळे?" बाई म्हणाल्या. "शोध आणि मग सांग."

मधल्या सुट्टीत मी माझ्या बाकावरच्या मित्राला, ज्याच्याबरोबर मी रोज डबा खात असे, हसत हसत म्हणालो, "तुमचे हरले रे!" तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर तो मागच्या बाकावर बसला. नंतर परत आला, पण त्या वाक्याबद्दल आम्ही दोघंही कधी बोललो नाही. त्याच्या अटीप्रमाणे इथे त्याचं नाव देत नाही. आपल्या तुकडीला ते कळेलच.

पंचेचाळीस वर्षांनी, २०२३ च्या मे महिन्यात, आम्ही दोघं लिस्बनला गेलो. दोघंही निवृत्त. आमच्या सौभाग्यवतींनी "दगड-विटा तुम्हीच बघा" म्हणून एक दिवस आम्हाला मोकळं सोडलं. त्या एका दिवसात बोट, बस आणि केबल कार अशा तीन वाहनांनी पाहिलेल्या शहराची ही हकीकत आहे.

बोट

लिस्बन समुद्रावर आहे असं आपल्याला वाटतं. खरं तर ते तेजो नदीच्या मुखापाशी आहे. नदी तिथे इतकी रुंद होते की पलीकडचं गाव धूसर दिसतं. काइश दु सोद्रे धक्क्यावरून पलीकडच्या कासिल्याशला जाणारी साधी प्रवासी बोट आम्ही पकडली. नोकरदार माणसं, भाजीच्या पिशव्या, शाळेची पोरं. आमच्या वसईच्या खाडीतल्या तरीची आठवण झाली. बोटीवर एक आजोबा कागदात गुंडाळलेला पाव खात होते. पावाला ते 'पांव' असं नाकातून म्हणतात. मित्र म्हणाला, "आपण पाव, बटाटा, चावी, पगार, घमेलं, लिलाव हे सगळं यांच्याकडून घेतलं, आणि नाताळ तर नावासकट."

शहर पाहायचं तर पाण्यावरून, हे तिथे पटलं. सात टेकड्या, त्यांवर चढत गेलेली लाल कौलं, एका टेकडीवर जुना किल्ला, आणि मधोमध नदीच्या बाजूने उघडा असलेला प्रचंड चौक. त्याचं नाव प्रासा दु कोमेर्सियू, म्हणजे व्यापार चौक, पण लिस्बनकर अजून त्याला तेरेइरू दु पासू, राजवाड्याचं अंगण, असंच म्हणतात. राजवाडा मात्र तिथे नाही. पहिल्या मानुएल राजाने सोळाव्या शतकाच्या आरंभी टेकडीवरचा किल्ला सोडून थेट पाण्याकाठी वाडा बांधला. त्याला लागूनच 'कासा द इंदिया', म्हणजे हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी. मिरी, लवंग, दालचिनी उतरायची ती तिथे. इथून मार्च-एप्रिलमध्ये निघालेली जहाजं साधारण सहा महिन्यांनी गोव्याला लागत. परतीची जहाजं गोव्याहून निघत ती पावसाळा सरून हिवाळा आल्यावर. म्हणजे पत्र पाठवून उत्तर मिळेपर्यंत दीड वर्ष सहज जाई.

हा हिशेब बोटीत करताना वसईच्या वेढ्याचं एक कोडं सुटलं. वेढा पडल्यावर लिस्बनने मदत का नाही केली? केली. पण नवा व्हाइसरॉय, लोरिसालचा मार्क्विस, सैन्य घेऊन गोव्यात पोहोचला तो १७४१ मध्ये. किल्ला जाऊन तोवर दोन वर्षं झाली होती. चिमाजी अप्पांच्या फौजेचा पराक्रम खराच, आणि या अंतराचा हातही खरा.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, माणसं चर्चमध्ये असताना लिस्बनला भूकंप झाला. जीव वाचवायला लोक या मोकळ्या नदीकाठी धावले, आणि तिथे समुद्राची लाट आली. उरलेलं शहर कित्येक दिवस जळत राहिलं. राजवाडा गेला, राजाचं ग्रंथालय गेलं, कासा द इंदिया गेली. आज दिसणारा चौक आणि त्यामागचे सरळ रेषेतले रस्ते पुढे मार्क्विस द पोम्बाल या मंत्र्याने उभे केले. घरांच्या भिंतींत त्याने लाकडी सांगाडे घालायला लावले, म्हणजे पुन्हा हादरा बसला तर घर डुलेल पण पडणार नाही. वसई गमावल्यावर सोळा वर्षांत राजधानीच कोसळली होती. वर्गात हे ऐकलं असतं तर मी त्यावरही हसलो असतो का, असं मला बोटीत वाटून गेलं.

बस

परत काइश दु सोद्रेला उतरून आम्ही ७२८ क्रमांकाची बस पकडली. ही बस नदीकाठाने शहराच्या पश्चिम टोकापासून पूर्वेपर्यंत जाते. आधी पश्चिमेला, बेलेंला.

८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामा निघाला तो इथूनच. तो हिंदुस्थानची वाट शोधून परतल्यानंतर मानुएलने इथे जेरोनिमुश मठ बांधायला घेतला. आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर बसवलेल्या सुमारे पाच टक्के करातून हे काम चाललं. दगडात कोरलेले दोर, प्रवाळ आणि वेली पाहताना डोळे निवतात, पण कोरणाऱ्याची मजुरी कुठून आली तेही आठवतं. गामा १५२४ मध्ये कोचीत वारला. आज त्याची समाधी या मठाच्या चर्चमध्ये आहे.

तिथून चालत बेलेंच्या बुरुजापाशी आलो. १५१९ च्या सुमारास पूर्ण झालेला हा पांढरा बुरुज पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा दिसतो. त्याच्या एका कोपऱ्यावरच्या घुमटीखाली, झिजलेलं, एक गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. हा गेंडा आपल्या बाजूचा. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने तो अल्बुकर्कला भेट दिला, अल्बुकर्कने राजाला पाठवला, आणि मे १५१५ मध्ये तो लिस्बनला उतरला. सारं युरोप त्याच्यासाठी वेडं झालं. जर्मनीतल्या ड्युररने तो न पाहताच, वर्णनावरून, त्याचं प्रसिद्ध चित्र केलं. पुढे राजाने गेंडा पोपला नजर करायला पाठवला आणि जहाज इटलीच्या किनाऱ्याजवळ बुडालं.

या मुजफ्फरशाहाचा मुलगा म्हणजे बहादूरशाह. हुमायूनच्या धास्तीने त्याने डिसेंबर १५३४ च्या तहात पोर्तुगीजांना वसई देऊन टाकली. बापाने गेंडा दिला, मुलाने आपलं गाव दिलं. दोन्ही वेळी त्या जनावराला किंवा गावाला कुणी विचारलं नाही.

बुरुजाजवळच दर्यावर्दींचं भव्य स्मारक आहे. गलबताच्या आकाराचं, वर राजपुत्र हेन्री आणि मागे दोन्ही बाजूंना रांगेने बत्तीस माणसं. हे १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलं होतं, १९६० मध्ये पक्कं बांधलं. म्हणजे त्या वेळी गोवा अजून त्यांच्याच ताब्यात होता आणि पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ ला, तो सुटला. समोर फरशीवर जगाचा मोठा नकाशा आहे. पर्यटक त्यावर उभे राहून फोटो काढत होते. आम्ही दोन म्हातारे वाकून हिंदुस्थानचा पश्चिम किनारा न्याहाळत होतो.

"तेहतीस पुतळे, आणि बाई एकच," मित्र म्हणाला. ती इंग्लंडहून आलेली राणी फिलिपा, हेन्रीची आई. "आणि वसईत ज्यांनी यांच्यासाठी जहाजं बांधली, ते सुतार?"

मी म्हणालो, "सुतारांचे पुतळे आपल्याकडे तरी कुठे आहेत?"

तो हसला. मग गंभीर झाला. "त्यांची राजवट चांगली होती असं मला कधीच म्हणायचं नाही. देवळं पाडली, इन्क्विझिशन आणलं. अणजूरकर उगाच पुण्याला गेले नव्हते. पण तो इतिहास सांगताना लोक माझ्याकडे का बघतात, एवढंच मला विचारायचं असतं."

केबल कार

७२८ नेच संपूर्ण नदीकाठ ओलांडून आम्ही पूर्वेला पार्क दश नासोइंशला आलो. जुन्या तेलशुद्धीकरण कारखान्याची आणि गोदामांची ही जागा १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी साफ केली. गामाच्या सफरीला तेव्हा पाचशे वर्षं झाली होती. त्याच वर्षी बांधलेली केबल कार पाण्याच्या काठाकाठाने सव्वा किलोमीटरच्या आसपास जाते. समोर गामाच्याच नावाचा, सुमारे १७ किलोमीटर लांबीचा पूल क्षितिजापर्यंत गेलेला.

डब्यात आम्ही दोघंच. खाली पाणी. इथे मी ते वाक्य काढलं. "आठवीत मी तुला एक बोललो होतो."

"'तुमचे हरले,'" तो लगेच म्हणाला. पंचेचाळीस वर्षं त्याने ते जपून ठेवलं होतं. मी माफी मागितली. तो थोडा वेळ पुलाकडे बघत राहिला.

"तुझ्यावर राग नव्हता. मलाच वाटलं की खरंच आपले हरले असणार. घरी जाऊन आजीला विचारलं, तेव्हा आपले कोण होते? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, 'लढाई कधी झाली?' मी म्हटलं, मे महिन्यात. 'मग आपले शेतावर असणार. पेरणी तोंडावर आलेली.'"

बाईंचा प्रश्न त्या डब्यात सुटला. शरणागतीच्या अटींप्रमाणे पोर्तुगीज सैनिक आणि अधिकारी मानाने, शस्त्रांनिशी बाहेर पडले. ते गेले मुंबईला इंग्रजांच्या आश्रयाला, आणि तिथून चौल-गोव्याकडे. पोर्तुगाल त्यांच्यापैकी अनेकांसाठी नुसतं नाव होतं. चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी देवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा आजही पाहता येते, तिच्यावर १७२१ साल आहे. आणि जे राहिले त्यांना आपला धर्म पाळायची मुभा मिळाली. ते शेतकरी, सुतार, कोळी. त्यांनी पोर्तुगीजांना सारा भरला होता, आता पेशव्यांना भरू लागले. त्यांच्या घरात प्रार्थना मराठीत आणि बोलीत होतात, लग्नात हळद लागते. वसईच्या तहावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव होतं काएतानो द सौझा परेरा. ही दोन्ही आडनावं आपल्या हजेरीपटात होती. पण ती बहुतेक घरांत बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याकडून किंवा धर्मपित्याकडून आली, रक्त इथलंच.

केबल कारमधून उतरल्यावर नदीकाठी एका राजकन्येचा पुतळा पाहिला. ब्रगांझाची कॅथरीन. १६६१ च्या विवाहकरारात तिच्याबरोबर इंग्लंडच्या राजाला मुंबई आंदण गेली. गोव्याच्या व्हाइसरॉयने तेव्हा कळकळीने विरोध केला होता. इंग्रज मुंबईत आले की आपला हिंदुस्थान संपला, असं त्याचं म्हणणं. १७३९ मध्ये वसईहून निघालेल्या त्याच्याच माणसांना आसरा घ्यायला ती मुंबईच उरली.

पुतळ्याशेजारच्या बाकावर बसून आम्ही डबा उघडला. थेपले माझ्या घरचे, केक त्याने विकत घेतलेला. तो माझ्याच बाकावर बसला होता.

बाई, उत्तराला पंचेचाळीस वर्षं उशीर झाला. पोर्तुगाल आणि भारत यांनीही १९६१ चं भांडण मिटवून तह केला तो १९७४ च्या शेवटच्या दिवशी, तेरा वर्षांनी. मी त्यांच्याहूनही मंद. तरीही सांगतो. हरलेल्यांपैकी काही गोव्याला गेले. बाकीचे कुठेच गेले नाहीत, कारण ते हरलेच नव्हते. ते आठवी 'ब'मध्ये, खिडकीकडून दुसऱ्या बाकावर, माझ्या शेजारी बसले होते.

आता भाईंदरहून वसईला रो-रो बोट येते. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी ज्यांना जमेल त्यांनी त्या बोटीने यावं. लिस्बनसारखंच आपलं गावही एकदा पाण्यावरून पाहू, आणि मग किल्ल्यात जाऊ. तुम्ही आलात तर, बाई, सेबस्तियनच्या बुरुजापाशी तो धडा पुन्हा घ्या. या वेळी मी मधल्या सुट्टीत गप्प बसेन.