सर्टिफिकेटवाले

आमच्या भाचीकडे सध्या नऊ सर्टिफिकेटं आहेत. मायक्रोबायॉलॉजीत बी.एस्सी. झाली, सार्वजनिक आरोग्यात काम करायचं डोक्यात आहे, पण दोन वर्षांच्या एम.पी.एच.ला लागणारे पैसे घरात नाहीत. (नातेवाईक मंडळी हे वाचणार आहेत आणि त्यांना सगळं माहीतच आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.) म्हणून ती छोटे छोटे कोर्स करते. पहिला केला तो 2020 च्या लॉकडाऊनमध्ये, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा काँटॅक्ट ट्रेसिंगचा. साधारण सहा तासांचा, फुकट. मे 2020 मध्ये तो कोर्सेरावर आला आणि जगभरातल्या दहा लाखांवर लोकांनी त्यात नाव घातलं. न्यूयॉर्क राज्यात ट्रेसर म्हणून काम करायचं तर तो पास होणं सक्तीचं होतं. आमच्याकडे मात्र ती एका संस्थेत मुलाखतीला गेली तेव्हा समोरच्या साहेबांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. "हे ठीक आहे, पण डिग्री कुठाय?"

"मामा, या कागदांना काही किंमत असते का?" असं तिनं विचारलं आणि मी सवयीप्रमाणे इतिहासात शिरलो. त्यातून हे टिपण.

हा प्रकार काही इंटरनेटनं आणलेला नाही. लंडनमध्ये 1876 साली सॅनिटरी इन्स्टिट्यूट निघाली आणि पुढच्याच वर्षी तिनं 'इन्स्पेक्टर ऑफ न्युसन्सेस' लोकांच्या परीक्षा सुरू केल्या. न्युसन्स म्हणजे तुंबलेली गटारं, कुजलेलं मांस, घाण विहिरी. डॉक्टर व्हायची गरज नाही. गटाराला उतार किती हवा, विहीर कशी तपासायची, हे आलं की झालं. आपल्याकडे 1896 च्या प्लेगनं मुंबईला दाखवून दिलंच होतं की नुसत्या डॉक्टरांवर शहर निभत नाही. पुढे 1926 साली मुंबईत लोकल सेल्फ गव्हर्नमेंट इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि सॅनिटरी इन्स्पेक्टरच्या पदविकेसाठी गावोगावच्या नगरपालिकांना ती परिचयाची झाली.

आमचे आप्पाकाका असेच 'एस.आय.' होते. मॅट्रिकनंतर एक कोर्स, आणि मग एका नगरपालिकेत आयुष्यभराची नोकरी. टीसीएल पावडरचा वास त्यांच्या शर्टाला कायमचा चिकटलेला असायचा. लग्नघरीसुद्धा पाण्याच्या पिंपापाशी जाऊन ओटी टेस्ट करायचे. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे, मग खुशाल प्या. आम्ही मुलं हसायचो. पण गावात कॉलराची बातमी आली की कलेक्टर कचेरीतून पहिला निरोप त्यांना यायचा, डॉक्टरांना नंतर. त्यांच्या पदविकेचा कागद काही फार मोठा नव्हता. पण नगरपालिकेत त्या कागदापुढे एक खुर्ची ठरलेली होती, पगाराची श्रेणी होती, आणि शेवटी पेन्शन होतं.

आता दुसरी गोष्ट, पन्नास वर्षांनंतरची. 2 ऑक्टोबर 1977 ला जनता सरकारनं कम्युनिटी हेल्थ वर्कर योजना सुरू केली, आरोग्यमंत्री राजनारायण. चीनच्या 'अनवाणी डॉक्टरां'चा तेव्हा जगभर बोलबाला होता. हजार वस्तीमागे एक माणूस, शिक्षण निदान सहावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात तीन महिन्यांत 200 तासांचं प्रशिक्षण आणि त्या काळात महिना 200 रुपये विद्यावेतन. त्यानंतर हातात एक पुस्तिका, औषधांची पेटी आणि दरमहा 50 रुपये मानधन. म्हणजे शिकताना 200 आणि काम करताना 50! (हे गणित ज्यानं मांडलं त्याला एकदा भेटायला आवडलं असतं.)

खेड्यातल्या कमी शिकलेल्या माणसाला आरोग्याचं काम देण्याची कल्पना उत्तम होती. पण हे नोकर नव्हेत, स्वयंसेवक, असं पहिल्यापासून ठरलेलं होतं. 1980 ला नावच 'व्हॉलंटियर' केलं, 1981 ला 'व्हिलेज हेल्थ गाइड'. नाव तीनदा, पायरी एकही नाही. डॉक्टर म्हणायचे हे अर्धवट वैद्य, आणि ते स्वतः म्हणायचे आम्हाला नोकरीत घ्या. अखेर 2002 ला केंद्रानं पैसे बंद केले.

याच काळात आपल्या नगर जिल्ह्यात (आताचा अहिल्यानगर) जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेगळं काही करत होते. 1970 साली ते तिथं गेले. आधी गावोगाव नर्स ठेवून पाहिल्या, जमलं नाही. मग गावानंच निवडलेल्या बायका घेतल्या, त्यांतल्या बऱ्याच निरक्षर आणि कित्येक दलित. त्या आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या, गावी जाऊन करून पाहायच्या, अडलं की पुढच्या आठवड्यात विचारायच्या. कोर्स संपला असं कधी झालंच नाही. मला वाटतं खरी मेख इथं आहे. तीन महिने की सहा तास हा मुद्दाच नाही. शिकवणारा नंतर फोन उचलतो का, हा आहे.

गडचिरोलीचं उदाहरण तर फार गोड आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांना दाईकडून बाळाचा न्यूमोनिया ओळखून हवा होता, पण दाईला मोजता येत नव्हतं. त्यांनी मण्यांची एक चौकट केली, सोबत मिनिटभराची वाळूची घटिका. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. पुढे 39 गावांत बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानानं, 62 टक्क्यांनी उतरला. डिसेंबर 1999 मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. 2011 पासून तीच पद्धत देशभरातल्या आशांना शिकवली जाऊ लागली.

आशा आल्या 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानात. सुरुवातीला आठवी पास, पाच टप्प्यांत 23 दिवसांचं प्रशिक्षण. 1977 पेक्षा हे शहाणपणाचं होतं: एकदम शिकवून सोडून दिलं नाही, बायका निवडल्या, वरची 'गटप्रवर्तक' ही पायरीही ठेवली. काही राज्यांनी एएनएमच्या प्रवेशात आशांसाठी जागा राखल्या. पण 'स्वयंसेविका' हा शब्द मात्र जुन्या फाइलीतून तसाच उचलला. पगार नाही, कामागणिक मोबदला. नव्या बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा-सात फेऱ्या, तेव्हा 250 रुपये.

भाचीला मी एवढंच लिहिलं की आधी कागद नको पाहूस, कागदापलीकडची खुर्ची पाहा. आप्पाकाकांना होती, आशांना नाही. त्यावर तिनं मला जून 2021 ची आठवण करून दिली, जी माझ्या ध्यानात नव्हती.

18 जून 2021 ला कोविडसाठी दोन-तीन महिन्यांच्या क्रॅश कोर्सचं दिल्लीतून उद्घाटन झालं. 26 राज्यांतली 111 केंद्रं, सहा प्रकारची कामं, एक लाख माणसं तयार करायचं उद्दिष्ट. त्याच दिवशी महाराष्ट्रातल्या 70 हजारांच्या आसपास आशा संपावर होत्या, 15 तारखेपासून. या सगळ्या आधीच शिकलेल्या, वर्षभर घरोघर ऑक्सिमीटर घेऊन हिंडलेल्या. 23 जूनला संप मिटला: महिना 1000 रुपये वाढ आणि 500 रुपये कोविड भत्ता. पुढच्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या दहा लाखांवर आशांना जागतिक पुरस्कार दिला.