वेषांतर, दूरचित्रवाणी विनोदी मालिकांतील
अमेरिकी दूरचित्रवाणीच्या विनोदी कार्यक्रमांत पुरुषपात्राने स्त्रीवेष धारण करण्याची नाट्ययुक्ती. व्हॉडव्हिल रंगभूमीवरून (पहा : प्रहसन) आलेली ही युक्ती १९४८ पासून ‘टेक्साको स्टार थिएटर’मध्ये मिल्टन बर्ल यांनी लोकप्रिय केली, तेथे झगा व केसांचा टोप हेच हास्याचे निमित्त असे. ‘मॅश’ (१९७२–८३) मालिकेत मानसिक अपात्रतेच्या सबबीवर लष्करी नोकरीतून सुटका व्हावी म्हणून कॉर्पोरल क्लिंगर स्त्रीवेषात वावरतो, परंतु वरिष्ठ दाद देत नाहीत आणि पुढे कंपनीची कारकुनी हाती आल्यावर तो गणवेष पत्करतो. ‘ऑल इन द फॅमिली’ मालिकेने १९७७ मध्ये स्त्रीवेषधारी कलावंत बेव्हर्ली लासाल या पात्राची हत्या कथानकात आणली. उपहासाचा रोख वेषधारकाकडून शासनयंत्रणेकडे व सामाजिक पूर्वग्रहांकडे वळल्याची नोंद या मालिकांतून मिळते. (पहा : विडंबन, स्त्रीभूमिका, मराठी रंगभूमीवरील).