दमनकारी पेशींचा अज्ञातवास

एखादी कल्पना कच्च्या पुराव्याच्या बळावर गादीवर बसावी, तो पुरावा ढांसळतांच पदच्युत व्हावी, आणि पक्का पुरावा हातीं आल्यावर नांव बदलून परतावी, असें विज्ञानाच्या इतिहासांत क्वचितच घडतें. शरीरांतील लढाऊ पेशींना आवर घालणाऱ्या पेशींची हकीकत या जातीची आहे. ज्या घरांत जुनाट यकृतदाहाचा, म्हणजे वर्षानुवर्षें न हटणाऱ्या विषाणुजन्य काविळीचा, रुग्ण आहे, त्या घरास ती निव्वळ पंडितांची कथा वाटणार नाहीं.

१९७० च्या सुमारास अमेरिकेंतील येल विद्यापीठांत रिचर्ड गर्शन व काझुनारी कोंडो हे उंदरांना मेंढीच्या रक्तपेशी टोचून पाहत होते. एरवीं अशा परक्या पेशींविरुद्ध उंदराचें शरीर पेटून उठतें. परंतु त्या वारंवार व भरपूर टोचल्यास तें शांत राहतें. ही शांतता थकव्याची नसून, थायमस ग्रंथींत तयार होणाऱ्या टी-पेशीच ती घडवून आणतात, असें त्यांस आढळलें. सैन्यास रोखण्याचें काम सैन्याच्याच एका तुकडीकडे असावें, हा विचार तेव्हां विलक्षण होता. पुढील दहा वर्षें या ‘सप्रेसर’ पेशींवर लेखांचा पाऊस पडला. त्यांची ‘आय-जे’ नांवाची एक ओळखखूणहि सांपडल्याचें जाहीर झालें. मात्र या खुणेचें जनुक उंदराच्या गुणसूत्रावर ज्या जागीं असावयास हवें होतें, ती जागा १९८३ च्या सुमारास बारकाईनें तपासली, तों तेथें तें नव्हतेंच! झालें, त्या पेशींचें नांव घेणेंहि प्रतिष्ठित मंडळींत गैर ठरूं लागलें. दागिना खोटा निघाला म्हणून तो घालणारा मनुष्यच नव्हता असें ठरवावें, तशांतला हा न्याय. गर्शन १९८३ सालींच वारले.

जपानांत मात्र दुसरा धागा तुटला नव्हता. १९६९ सालीं निशिझुका व साकाकुरा यांनीं तीन दिवसांच्या उंदरांच्या माद्यांची थायमस ग्रंथि काढली असतां त्यांचीं अंडाशयें नष्ट झालीं होतीं. हा धागा शिमोन साकागुची यांनीं धरून ठेवला. १९९५ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, ‘सीडी२५’ ही खूण असलेल्या टी-पेशी वगळून उरलेल्या टी-पेशी विशिष्ट उंदरांत सोडल्यास त्या त्यांच्याच अवयवांवर तुटून पडतात. वगळलेल्याहि सोबत सोडल्या तर दंगा होत नाहीं. २००१ सालीं मेरी ब्रंकॉ व फ्रेड रॅम्सडेल यांस ‘फॉक्सपी३’ हें जनुक सांपडलें, आणि २००३ मध्यें त्याचा या पेशींशीं संबंध जुळला. तिघांस २०२५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पेशींचें नवें नांव ‘नियामक’. जुनें इतकें बदनाम झालें होतें!

आतां यकृताकडे वळूं. ‘बी’ यकृतदाहाचा विषाणु यकृताच्या पेशीस सहसा स्वतः मारीत नाहीं. विषाणूनें ग्रासलेल्या पेशींना मारतात त्या आपल्याच टी-पेशी. प्रसूतीच्या वेळीं मातेकडून तो विषाणु आलेल्या अर्भकांपैकीं, लस न दिल्यास, शेंकडा सुमारें ९० जणांत तो ठाण मांडतो. निरोगी प्रौढांत हें प्रमाण पांचांहून कमी. २००५ सालीं रॉटरडॅम येथील संशोधकांस अशा जुनाट रुग्णांच्या रक्तांत नियामक पेशींचें प्रमाण अधिक आढळलें. त्या काढून घेतल्यावर उरलेल्या पेशी परीक्षानळींत विषाणूच्या अंशास अधिक जोमानें उत्तर देऊं लागल्या. पुढें २०१५ सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील माला मैनी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निराळ्याच कुळांतील दमनकारी पेशी दाखविल्या. त्या आर्जिनीन हें अमिनो-अम्ल संपवून टी-पेशींची उपासमार करितात. मौज ही कीं, ज्यांच्या रक्तांत विषाणु विपुल पण यकृत शाबूत, अशा रुग्णांतच त्या अधिक होत्या!

तेव्हां त्यांस शत्रु म्हणावें कीं मित्र? ‘दमन’ हा शब्द मला अन्यायाचा वाटतो. त्यांस हटवावें तर विषाणु जाण्याचा संभव, पण त्याबरोबर यकृतहि होरपळण्याचें भय. राहूं द्यावें तर विषाणु दशकानुदशकें राहून कांहींजणांस यकृतकाठिण्य वा कर्करोग जडतो. ‘सी’ विषाणूच्या रुग्णांची या पेचांतून बहुतांशीं सुटका झाली. कारण २०१३ नंतरच्या गोळ्या सरळ विषाणूवरच चालतात व तो समूळ नाहींसा होतो. ‘बी’ विषाणूचें बीज मात्र यकृतपेशीच्या केंद्रकांत वर्तुळाकार होऊन दडून बसतें, आणि आजचीं औषधें त्यास दाबून ठेवितात एवढेंच.