किर्लोस्कर रोडवरचं सायकलचं दुकान

अनमोड घाट चढून, रामनगर-खानापूर करत बेळगावात शिरताना आधी मच्छे लागतं आणि मग उद्यमबाग. मच्छ्याला विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, १९९८ सालचं. उद्यमबागेत गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालय, १९७९ सालचं, आणि त्याच्या आजूबाजूला ओतकामाच्या फाउंड्र्या, लेथची खडखड, जळक्या वाळूचा वास. बारावीचा निकाल लागला की आपल्या गोव्यातल्या घराघरांत जी घालमेल सुरू होते ती सांगायला नको. इंजिनिअर व्हायचं तर कॉलेजच्या फाटकातूनच आत जायचं, असं आपण पक्कं धरून बसलो आहोत. म्हणून या गावातल्याच एका माणसाची गोष्ट सांगावीशी वाटते. तो निघाला होता चित्रकार व्हायला.

लक्ष्मणराव किर्लोस्कर २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. मराठी माणसाला हे गाव आणखी एका कारणाने ठाऊक असायला हवं. ‘संगीत शाकुंतल’वाले अण्णासाहेब किर्लोस्कर तिथलेच. घराणं मूळचं कोकणातलं, किर्लोस गावचं. म्हणजे आपल्या शेजारचंच म्हणा ना!

अभ्यासात लक्ष्मणरावांचं मन नव्हतं. हातात पेन्सिल आणि समोर एखादं यंत्र असलं की झालं. वडिलांचा विरोध होता, पण थोरल्या भावाने, रामूअण्णांनी, पैशाची बाजू सांभाळली आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे दोन वर्षांनी कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराच्या बाबतीत यापुढे बोलायचं काय? पण यांत्रिक रेखाटनाला रंग लागत नाहीत. रेघ सरळ हवी, माप अचूक हवं आणि वस्तू तीन बाजूंनी डोळ्यांसमोर उभी करता यायला हवी. लक्ष्मणराव तेवढंच घट्ट धरून राहिले. त्याच जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. ही संस्था १८८७ साली निघालेली, तेव्हा भायखळ्याला होती. शिकवता शिकवता तिथल्या कार्यशाळेत त्यांनी यंत्रं उघडून पाहिली, जोडून पाहिली. पदवी नाहीच.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि बेळगावात रामूअण्णा त्या विकायचे, वर फी घेऊन चालवायलाही शिकवायचे! किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाचा आरंभ १८८८ सालचा धरतात. योगायोग असा की मुरगाव बंदर आणि घाटमाथा रेल्वेने जोडले गेले तेही त्याच वर्षी. ज्या रस्त्यावर दुकान होतं त्याला आज किर्लोस्कर रोड म्हणतात. बाजारहाट करायला जाणाऱ्या किती गोंयकारांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियनाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. त्यांनी कडबा कापायचं यंत्र काढलं, मग लोखंडी नांगर. आता नांगर म्हणजे काही विमान नव्हे, पण शेतकरी त्याला हात लावेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं गेली असं सांगतात. लाकडी नांगर जमीन नुसती ओरखडतो. लोखंडी नांगर खाली शिरून माती उलटवतो, हराळीच्या मुळ्या वर काढतो. हे पटवायला भाषणांचा उपयोग नव्हता, शेतातच उभं राहावं लागलं.

आणि जम बसतो आहे तोच नगरपालिकेने ठळकवाडीतली जागा सोडायला लावली. तिथे नवी वसाहत व्हायची होती. बेळगावने आपला कारखाना असा घालवला! औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर माळरान जमीन आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेव्हा तिथे निवडुंग आणि साप होते.

मला खरी मौज वाटते ती वाडीवर जमलेल्या माणसांची. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण नवनव्या यांत्रिक कल्पना लढवणारे. शंभूराव जांभेकर इंजिनिअरचं काम बघायचे, मंगेशराव रेगे हिशेब. आणि पहाऱ्याला होते तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, पूर्वी दरोड्यासाठी शिक्षा भोगलेले. आजच्या एखाद्या कंपनीत यांतल्या कितीजणांचा अर्ज पहिल्या चाळणीतून पुढे गेला असता?

पण याच लक्ष्मणरावांनी मुलाला, शंतनुरावांना, अमेरिकेत एमआयटीला पाठवलं. १९२६ साली ते यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले. म्हणजे बापाला पदवीचं वावडं नव्हतं. स्वतःला मिळालं नाही ते मुलाला दिलं, आणि मुलगा परत आला तो वाडीच्या कारखान्यातच. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. त्यानंतर सव्वा महिन्यात बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं.

आपल्याकडे पोर्तुगीज अमदानीत वैद्यकीची शाळा होती, १८४२ पासून. इंजिनिअरिंगचं कॉलेज मात्र मुक्तीनंतर, १९६७ साली आलं. तोवर ज्याला यंत्राची ओढ, त्याला सीमा ओलांडावीच लागे.

माझा एक भाचा बारावीत घसरला. घरात सुतक असल्यासारखं झालं होतं. तो डिप्लोमाला गेला, तिथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला, आणि आज उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत आहे. मागे त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा भट्टीचा रस ओतायची वेळ झाली होती. भाच्याच्या हातात तापमान मोजायचं यंत्र. शेजारी एक म्हातारे भट्टीवाले, चौथी शिकलेले. त्यांनी रसाचा रंग पाहिला आणि म्हणाले, “थांबा की ओ साहेब, अजून तापायचं हाय.” भाच्याने यंत्र धरलं, आकडा वाचला आणि काही न बोलता दोन पावलं मागे सरून उभा राहिला.