टाचणीला नाव कसं मिळतं? फोटोपासून 'नवी प्रजाती'पर्यंत काय काय घडतं

साताऱ्याजवळचं ठोसेघर म्हटलं की डोळ्यांसमोर धबधबा येतो. पण २०२१ पासून या गावाचं नाव एका टाचणीलाही मिळालं आहे : युफीया ठोसेघरेन्सिस. पुढच्याच वर्षी आंबोलीजवळच्या चौकुळ गावावरून एका चतुराचं नाव ठेवलं गेलं, बर्मागॉम्फस चौकुळेन्सिस. अशी बातमी आली की फेसबुकवर दोन प्रतिक्रिया हमखास दिसतात. एक, 'हा तर आमच्या ओढ्यावर रोज दिसतो.' दुसरी, 'फोटो काढला की नवी प्रजाती, एवढं सोपं असतं का?'

पहिली प्रतिक्रिया खरी असू शकते. नवी प्रजाती म्हणजे काल जन्माला आलेला कीटक नव्हे. तो हजारो-लाखो वर्षं तिथेच असतो, विज्ञानाच्या वहीत त्याची नोंद झालेली नसते एवढंच. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र स्पष्ट आहे : नाही, फोटो ही फक्त सुरुवात असते.

चतुर आणि टाचणी यांत फरक काय?

लहान मुलं दोघांनाही 'हेलिकॉप्टर' म्हणतात. दोघं एकाच गणातले, दोघांच्याही पिल्लांचं आयुष्य पाण्यात जातं. चतुर दणकट असतो आणि बसल्यावर पंख आडवे पसरून ठेवतो. टाचणी नावासारखीच बारीक असते, बसली की बहुधा पंख पाठीवर मिटून घेते आणि तिचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना असतात. 'बहुधा' म्हणायचं कारण, निसर्ग आपल्या व्याख्या वाचत नाही. लेस्टेस कुळातल्या टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवूनच बसतात आणि चौकुळचा तो चतुर ज्या कुळातला आहे, त्या कुळात डोळे एकमेकांना चिकटलेले नसतात.

रंगावर विश्वास का ठेवायचा नाही?

सर्वात जास्त घोटाळा होतो तो रंगामुळे. भाताच्या खाचरात आणि गवतात दिसणारी अ‍ॅग्रिओक्नेमिस पिग्मिया ही अगदी चिमुकली टाचणी घ्या. तिची तरुण मादी लालसर असते, वय वाढलं की हिरवट होते. नर म्हातारा झाला की त्याच्या अंगावर पांढुरकी पूड चढते. तिघांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले तर नवखा माणूस तीन वेगळ्या प्रजाती सांगून मोकळा होईल. शिवाय टाचणी मेली की रंग झपाट्याने फिके पडतात. म्हणून अभ्यासक जिवंतपणीच फोटो काढून ठेवतात आणि नमुना अ‍ॅसिटोनमध्ये बुडवतात. त्याने निदान काही रंग टिकतात.

उलट प्रकारही घडतो. दिसायला एकच, पण मुळात दोन. सेरियाग्रिऑन कोरोमंडेलियानम ही पिवळ्या शेपटीची टाचणी भारतभर डबक्यांच्या काठी दिसते. फॅब्रिशियस या डॅनिश अभ्यासकाने १७९८ मध्येच तिला नाव दिलं होतं. तिचं वक्ष, म्हणजे पंख जिथे जोडलेले असतात तो भाग, हिरवट असतो. सिंधुदुर्गात मात्र वक्षही पिवळंधमक असलेली टाचणी आढळली. हा त्याच प्रजातीतला रंगाचा फरक असेल, असं म्हणून सोडून देणं सोपं होतं. शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी तसं केलं नाही. त्यांनी तपशील तपासले आणि २०१९ मध्ये सेरियाग्रिऑन क्रोमोथोरॅक्स ही नवी प्रजाती जाहीर केली. इंग्रजीत तिला 'सिंधुदुर्ग मार्श डार्ट' म्हणतात.

तपासलं काय? तर शेपटीचं टोक. नर टाचणीच्या शेवटच्या खंडावर चिमट्यासारखे चार लहान अवयव असतात. मीलनाच्या वेळी नर त्यांनी मादीची मान पकडतो. मादीच्या मानेवरची ठेवणही त्याला जुळणारी असते. कुलूप-किल्लीची ही उपमा अगदी काटेकोर घेऊ नये, पण प्रजाती बदलली की या चिमट्याचा आकार बहुतेक वेळा बदलतो आणि तो वयानुसार किंवा उन्हापावसाने पालटत नाही. त्याच्या जोडीला नराच्या दुसऱ्या खंडाखालचं जननांग पाहिलं जातं. दोन्ही गोष्टी सूक्ष्मदर्शकाखालीच नीट दिसतात. मोबाइलच्या फोटोवरून 'नक्की हीच प्रजाती' असं सांगणारे बऱ्याचदा अंदाज करत असतात, तो याचमुळे.

नाव देण्याची रीत

नमुना हातात आला की जुनी पुस्तकं उघडावी लागतात. भारतातल्या चतुर-टाचण्यांसाठी आजही पहिला आधार घेतला जातो तो फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर यांच्या तीन खंडांचा. फ्रेझर इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. नोकरीच्या निमित्ताने फिरताना त्यांनी कीटक गोळा केले आणि १९३३ ते १९३६ या काळात हे खंड प्रसिद्ध झाले. त्यांनी जमवलेले बरेच नमुने आज लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहेत. म्हणजे कोकणातल्या ओढ्यावरची टाचणी नवी आहे की जुनी, हे ठरवताना कधीकधी लंडनच्या कपाटापर्यंत जावं लागतं.

आधी कुणी नाव दिलेलं नाही याची खात्री झाली, की एक नमुना 'होलोटाइप' ठरवला जातो. हा त्या नावाचा कायमचा पुरावा. उद्या वाद झाला तर सगळे त्याच एका नमुन्याकडे परत येतात. तो घरी डबीत ठेवून चालत नाही, संग्रहालयात किंवा संशोधन संस्थेत जमा करतात. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे असे संग्रह सांभाळले जातात. संरक्षित जंगलातून नमुना घ्यायचा तर वनखात्याची परवानगी लागते. जाळी घेऊन कुणीही अभयारण्यात शिरावं, असा हा मामला नाही.

त्यानंतर सविस्तर वर्णन, चित्रं आणि आधीच्या प्रजातींशी तुलना असलेला निबंध शोधपत्रिकेत छापला जातो. एकाच प्राण्याला दोन नावं मिळाली असतील तर सहसा आधी छापलेलं टिकतं. ही मोजणी १७५८ पासून होते, कारण लिनियसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती त्या वर्षीची मानली आहे. डीएनए तपासणीचा उपयोग होतो, पण डीएनए वेगळा निघाला म्हणून आपोआप नवं नाव मिळत नाही.

भुंगेऱ्यांचं काय?

टाचण्या निदान ओढ्याकाठी उन्हात समोर उडतात. सर्वेक्षण करणारा सकाळच्या उन्हात ठरावीक अंतर चालतो आणि काय दिसलं ते मोजतो. भुंगेऱ्यांचं तसं नाही. त्यांच्या जगभरात साडेतीन लाखांहून अधिक प्रजातींना नावं मिळाली आहेत आणि त्या जमिनीत, शेणात, लाकडात, पाण्यात कुठेही असतात. काजवासुद्धा भुंगेराच, हे अनेकांना ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येकासाठी पद्धत निराळी. शेणकिड्यांसाठी जमिनीत पेला पुरून वर शेणाचं आमिष ठेवतात. रात्री उडणाऱ्यांसाठी पांढरी चादर ताणून त्यावर दिवा सोडतात.

ही ओळखपरेड हौसेपुरती नाही, हे ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. मुळं कुरतडणारी हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची अळी, आणि हुमणी एका प्रकारची नसते. नदीकाठच्या जमिनीत लिकोफोलिस, माळावर होलोट्रॅकिया. दोघींच्या अळ्या पांढऱ्या, वाकलेल्या, सारख्याच दिसणाऱ्या. शेवटच्या खंडाखालच्या बारीक केसांची मांडणी पाहून त्या वेगळ्या ओळखता येतात. माळावरच्या हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर तिन्हीसांजेला बाहेर पडून कडुनिंब, बाभळीवर जमतात, तेव्हा फांद्या हलवून ते गोळा करता येतात. प्रकार ओळखण्यात चूक झाली तर बंदोबस्ताची वेळ आणि जागा दोन्ही हुकू शकतात.

नाव नसेल तर काय बिघडतं?

पश्चिम घाटात चतुर-टाचण्यांच्या दोनशेहून अधिक प्रजाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. एखाद्या ओढ्यावर बंधारा किंवा रस्ता होणार असेल, तर पर्यावरण अहवालात तिथल्या जिवांची यादी दिली जाते. नाव नसलेला कीटक त्या यादीत येतच नाही. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक 'रेड लिस्ट'मध्येही सहसा वर्णन झालेल्याच प्रजातींचं मूल्यमापन होतं.

केवळ आकडा पुरेसा नसतो, तो इथे. ओढ्याकाठची झाडं तोडली की ऊन पडतं, सावलीत राहणाऱ्या दुर्मीळ टाचण्या नाहीशा होतात आणि उघड्यावरच्या सामान्य प्रजाती येतात. एकूण संख्या तेवढीच राहते, कधी वाढतेसुद्धा. काय हरवलं ते नावानिशी केलेल्या जुन्या नोंदींवरूनच कळतं. २०२३ मध्ये पुण्याच्या एमआयटी विश्वशांती विद्यापीठातल्या अभ्यासकांचा सहभाग असलेल्या गटाने केरळमधल्या एका टाचणीला प्रोटोस्टिक्टा आर्मागेडोनिया हे नाव दिलं. जगभर कीटक घटत आहेत, त्या महाविनाशाची आठवण म्हणून.

तुमचा फोटो कामाचा कधी होतो?

वरून एक, बाजूने एक आणि शेपटीच्या टोकाचा जवळून एक, असे तीन फोटो काढले तर अभ्यासकाला बरंच काही सांगता येतं. तारीख आणि नेमकं ठिकाण लिहा, नुसतं 'कोकण' नको. पाणी वाहतं होतं की साचलेलं, सावली होती की ऊन, हेही लिहा. मग तो फोटो नुसता व्हॉट्सॲप ग्रुपवर न ठेवता आय-नॅचरलिस्टसारख्या ठिकाणी टाका. तिथे तो पाच वर्षांनीही शोधणाऱ्याला सापडतो.