अथेरेक्टॉमी : एका तर्काची कसोटी

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी अरुंद झालेली हृदयधमनी फुग्याच्या साहाय्याने प्रथम रुंद केली. परंतु फुगा मेदाचा थर केवळ बाजूस सारतो, काढीत नाही. आणि अनेक रुग्णांत धमनी काही महिन्यांतच पुन्हा अरुंद होई. मग तो थरच कापून बाहेर का काढू नये? अमेरिकेत जॉन सिम्पसन यांच्या कॅथेटरने नेमके हेच साधले. त्यातील फिरते पाते थर कापी व तुकडे टोकाकडील पोकळीत साठत. १९९० मध्ये तेथे त्यास मान्यता मिळाली. तर्क इतका सरळ होता, की मोठी तुलनात्मक चाचणी मान्यतेनंतर झाली, हे नवल नव्हे.

१९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॅव्हिएट’ चाचणीत १,०१२ रुग्ण होते. पात्याने धमनी तत्काळ अधिक मोकळी झाली खरी. पण सहा महिन्यांनी ती पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण ५० टक्के आढळले. फुग्याच्या बाबतीत ते ५७ टक्के होते. प्रारंभीची गुंतागुंत मात्र पात्याने ११ टक्के, तर फुग्याने ५ टक्के रुग्णांत उद्भवली. पुढे स्टेंटने हे पाते मागे टाकले. कॅल्शियम साचून कठीण झालेल्या धमन्यांत हिऱ्याचे कण जडविलेले फिरते टोक आजही वापरतात. तेही बहुधा स्टेंटसाठी वाट करून देण्यापुरतेच.