मुदत संपल्यानंतरची दुरुस्ती

एडवणला घरी बसून मी एका गेम जॅमसाठी 48 तासांत एक खेळ लिहिला. ओहोटीचं पाणी उतरायच्या आत होडी खाडीत आणायची, नाहीतर ती चिखलात रुतते. एवढाच खेळ. मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी मामेभावाने तो त्याच्या नव्या लॅपटॉपवर लावला. होडी वळायच्या आत पाणी गायब!

चूक जुनीच, प्रत्येक नवशिक्या एकदा तरी करतो ती. होडीचा वेग मी सेकंदावर बेतला होता, ओहोटीचा मात्र फ्रेमवर. माझ्या पडद्यावर सेकंदाला 60 फ्रेम, त्याच्या पडद्यावर 144. माझ्याकडे 90 सेकंद चालणारी ओहोटी त्याच्याकडे साडेसदतीस सेकंदांत आटोपत होती. दुरुस्ती एका ओळीची. पण ती करायला मला परवानगी होती का?

हा प्रश्न जॅमइतकाच जुना आहे. मार्च 2002 मध्ये ओकलंडला ख्रिस हेकर आणि मंडळींनी पहिला इंडी गेम जॅम भरवला. पुढच्याच महिन्यात जेफ हाऊलंडने इंटरनेटवर ‘लुडुम डारे’ सुरू केलं. पहिल्या खेपेला 24 तास होते, नंतर 48 झाले. एकट्याने, शून्यापासून, दिलेल्या विषयावर खेळ करायचा आणि मग सगळ्यांनी एकमेकांचे खेळ खेळून गुण द्यायचे. म्हणजे परीक्षकही स्पर्धकच. अशा ठिकाणी मुदतीला अर्थ हवा. पण झोप न झालेल्या माणसाचा खेळ दुसऱ्याच्या यंत्रावर उघडतच नसेल, तर गुण कशाला द्यायचे? म्हणून तिथे पद्धत पडली ती अशी: मुदतीनंतर एक तास फक्त खेळ चढवायला, त्यानंतरही खेळ बंद पडत असेल किंवा काही मोडलं असेल तर नीट करा, पण नवं काही घालू नका.

हा नियम वाचून मला पैठण आठवलं. ज्ञानेश्वरी शके 1212 मधली, म्हणजे 1290 सालची. पुढची तीनशे वर्षं ती हातांनी उतरवली गेली, तोंडी म्हटली गेली आणि पाठ बिघडत गेले. आख्यायिका अशी की एकनाथांच्या घशाला त्रास सुरू झाला, ज्ञानदेव स्वप्नात आले आणि म्हणाले, अजानवृक्षाची मुळी माझ्या गळ्याला लागली आहे, ती काढ. (यापेक्षा नेमका बग रिपोर्ट मी नोकरीत पाहिलेला नाही.) इतिहास एवढं नक्की सांगतो की शके 1506 मध्ये, 1584 साली, एकनाथांनी प्रत शुद्ध केली. शेवटी त्यांनी आपल्या ओव्या जोडल्या आहेत. त्यांत ते मूळ ग्रंथाला दोष देत नाहीत, पाठांतरांना देतात. आणि बजावतात की यात कुणी स्वतःची ओवी घातली, तर अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल. घरामागे नारळाच्या करवंट्यांचा ढीग बघत वाढलेल्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

ताकीद पाळणं सोपं नसतं, हे मला ती एक ओळ बदलताना कळलं. फाइल उघडलीच आहे तर खाडीच्या तोंडाशी एक दीपस्तंभ टाकू, दहा मिनिटांचं काम, असं वाटलं. टाकलाही. मग काढला.

पण माझी एक ओळदेखील तितकी निष्पाप नव्हती. साडेसदतीस सेकंदांचा खेळ आणि 90 सेकंदांचा खेळ हे दोन वेगळे खेळ आहेत. पहिला खेळून कुणी गुण देऊन बसलं असेल, तर ते गुण कशाचे? चूक कुठे संपते आणि खेळ कुठे सुरू होतो, हे दरवेळी स्पष्ट नसतं. स्वीडनच्या कॉफी स्टेन कंपनीने 2014 मध्ये अंतर्गत जॅममधून निघालेला ‘गोट सिम्युलेटर’ विकायला काढला, तेव्हा त्यांनी खेळ बंद पाडणाऱ्या चुका तेवढ्या काढल्या. बाकीचा वेडेपणा मुद्दाम ठेवला, कारण लोक त्यालाच हसत होते.

पोथ्यांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र आपल्याकडे निसटली. एकनाथांची प्रत इतकी रुजली की तिच्या आधीचं काय होतं हा संशोधनाचा विषय झाला. वि. का. राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक पोथी 1909 मध्ये छापली, आणि वाद सुरू झाले. दुरुस्ती कितीही प्रामाणिक असली तरी ती मुळावर पांघरूण घालते. जॅमवाल्यांना हे लवकर उमगलं, असं मला वाटतं. त्यांच्यातले पुष्कळ जण मुदतीतली प्रत आणि नंतरची प्रत अशा दोन्ही शेजारी शेजारी ठेवतात.

माझ्या जॅममध्ये मतदान चालू असताना फाइल बदलायची तर आयोजकांना विचारावं लागे. मी विचारलं. उत्तरादाखल प्रश्न आला, नवीन काही आहे का? नाही, म्हटलं. दोन्ही फाइली ठेवल्या, जुनीच्या नावात तारीख घातली.

मामेभाऊ अजून जुनीच खेळतो. नव्या फाइलीत, त्याच्या मते, ओहोटीला घाईच नाही.